ताटावरून उठवत नाही

कुंदामावशी जेवणाच्या वेळी दार उघडायच्या, पण मूल द्यायच्या नाहीत. मी त्यांच्या दारात पहिल्यांदा घाईत उभा राहिलो तेव्हा बाहेर मिशिगनमधल्या ट्रॉयची जानेवारीतली थंडी होती, गाडी ड्राइव्हवेत चालूच ठेवली होती आणि माझ्या मुलीला, ईशाला, त्यांच्या पाळणाघरातून घेऊन मला डेंटिस्टकडे पोचायचं होतं. मावशींनी दार उघडलं, मला बुटांपासून टोपीपर्यंत न्याहाळलं आणि म्हणाल्या, "ती जेवून राहिली आहे. बूट काढ, बस."

"मावशी, अपॉइंटमेंट आहे हो. वाटेत काहीतरी खायला घेऊन देतो तिला."

"ताटावरून उठवत नाही मी पोट्ट्यांना. दात कायसाठी दाखवून राहिला? जेवायसाठीच ना? मग जेवू दे की तिले."

पुणेकर असूनही मी हार मानली. गाडी बंद करून आत आलो, फोनवरून अपॉइंटमेंट कॅन्सल केली आणि पाचेक मिनिटांत माझ्यापुढेही वरण-भाताचं ताट आलं. तूप वाढताना मावशींनी विचारलंसुद्धा नाही. पोरांच्या रांगेत मांडी घालून मी निमूटपणे जेवलो. माझ्या एका बाजूला एक तेलुगू मुलगा होता, दुसऱ्या बाजूला एक चिनी मुलगी. दोघंही माझ्यापेक्षा नीट जेवत होती.

मावशी मूळच्या नागपूरच्या. तिथे त्यांनी आयुष्यभर बालवाडी चालवली. यजमान गेल्यावर मुलानं, संदीपनं, त्यांना इथे आणलं. संदीप गाड्यांचे सुटे भाग बनवणाऱ्या कंपनीत होता आणि सून हॉस्पिटलात. दिवसभर रिकाम्या घरात मावशींना करमेना. त्यांनी रीतसर प्रशिक्षण घेतलं, परवाना काढला आणि घराच्या खालच्या मजल्यावर पाळणाघर सुरू केलं. प्रशिक्षणात रबरी बाळाला श्वास देऊन शुद्धीवर आणायचं असतं. तसं करण्याआधी आईनं पदरानं त्या बाहुल्याचं नाक पुसलं, असं संदीप हसून सांगायचा. आमची ईशा शाळा सुटल्यावर बसनं थेट त्यांच्याकडेच उतरायची आणि सुट्टीच्या दिवशी सकाळपासून तिथेच असायची.

त्यांच्या तोंडी काही वाक्यं कायमची बसलेली होती. "पोट भरलं की पोट्टं अर्धं शहाणं होते," हे एक. आईबाप मुलाची तक्रार करायला लागले की, "तू लहानपणी कसा होता ते तुझ्या मायले विचारू काय फोन लावून?" हे दुसरं. आणि घड्याळाकडे बघणाऱ्या माझ्यासारख्यांसाठी, "जेवण वाढलं की घड्याळ भिंतीकडे तोंड करून ठेवावं, बाप्पा." पाळणाघरातली सगळी मुलं, कुठल्याही देशाची असोत, त्यांना मावशीच म्हणायची. ईशा मात्र घरचं मराठी ऐकून इंग्रजीत उत्तर द्यायची. मावशींनाही ती "आय ॲम फुल, मावशी" म्हणायची आणि त्या तिला आणखी एक घास भरवायच्या.

एका उन्हाळ्यात तिथे ग्रेसी आली. तीन वर्षांची, लालसर केसांची, जगाकडे संशयानं पाहणारी. तिची आई डॅना एका गोदामात सकाळच्या पाळीला खोकी भरायची. घरात दुसरं कोणी नव्हतं. ग्रेसीचे पैसे सरकार देणार होतं, आणि मावशींना हा प्रकार नवीन असल्यामुळे त्यांनी तो समजून घेऊन मलाही समजावला. आई जेवढा वेळ कामावर, अधिक जाण्यायेण्याचा वेळ, तेवढे तास सरकार मुलाच्या नावानं मंजूर करतं. त्या तासांचे पैसे थेट सांभाळणाऱ्या बाईला मिळतात. आईच्या कामाचे तास बदलले की मुलाचे तासही बदलतात.

मला ही व्यवस्था ऐकून फार आवडली. मी गाड्यांच्या ब्रेकचं सॉफ्टवेअर लिहितो. अमुक अट पूर्ण झाली तर तमुक करा, नाहीतर करू नका, यावर माझं पोट चालतं. मी म्हटलं, "मावशी, एकदम लॉजिकल आहे हे. कुठे काही संशयाला जागाच नाही."

"लॉजिकल असेल बाप्पा," मावशी म्हणाल्या, "पण पोट्टी तासावर भुकेजते थोडीच?"

ग्रेसीनं पहिले काही दिवस वरणाकडे पाहिलंही नाही. मावशींनी आग्रह केला नाही, नुसतं ताट पुढे ठेवत राहिल्या. मग एक दिवस तिनं बोट बुडवून चाटलं, आणि महिन्याभरात ती पातेल्याकडे हात करून "मले वरण दे" म्हणायला लागली. ईशाला जन्मापासून जे आम्हांला शिकवता आलं नाही ते मिशिगनच्या त्या पोरीनं अस्सल नागपुरी थाटात उचललं. मेधा, माझी बायको, महाराष्ट्र मंडळाच्या कार्यक्रमात ही गोष्ट सगळ्यांना सांगायची आणि मला उगाचच ओशाळल्यासारखं व्हायचं.

पानगळीच्या सुमारास गोदामानं डॅनाची पाळी अर्धी केली. ती आता दुपारपर्यंतच कामावर असायची, म्हणून ग्रेसीचे मंजूर तासही दुपारीच संपायला लागले. म्हणजे नेमके मावशींची ताटं मांडायच्या वेळी. डॅना बिचारी वेळेवर यायची आणि दारात उभी राहायची. मावशी तिला आत घेऊन बसवायच्या, तिच्याही हातात ताट द्यायच्या. जेवल्यावर ग्रेसी रांगेत झोपून जायची. झोपलेल्या मुलाला उठवणं हे मावशींच्या शास्त्रात ताटावरून उठवण्याइतकंच पाप होतं.

"तू जा," त्या डॅनाला आपल्या इंग्रजीत सांगायच्या, "यू गो, फाइंड सेकंड जॉब. शी स्लीप. नो मनी, नो मनी."

डॅना दुसरं काम शोधत हिंडायची, ग्रेसी संध्याकाळपर्यंत राहायची आणि जास्तीच्या वेळाचे पैसे मावशी कुणाकडेच मागायच्या नाहीत. यात कुणाचं काही वाईट झालं नव्हतं. पण दुपारी उशिरा शाळेची बस यायची आणि ईशासारखी मोठी मुलं उतरायची; त्यांत त्या वर्षी एकाची भर पडली होती. परवान्यावर मुलांचा आकडा ठरलेला असतो, एका वेळी त्याहून एकही जास्त चालत नाही. ग्रेसी दुपारीच गेली असती तर हिशेब बरोबर होता. ती थांबली की एक मूल जास्त व्हायचं.

आणि अशाच एका दुपारी तपासणी करणाऱ्या बाई न सांगता आल्या. मी ईशाला न्यायला नेमका तेव्हाच पोचलो होतो. बाई शांत होत्या, वयानं मावशींच्याच जवळपास. त्यांनी मुलं मोजली, पुन्हा मोजली. ग्रेसी झोपेतून उठून शिरा खात बसली होती. दुसऱ्या कुणीही सांगितलं असतं की हिची आई वाटेतच आहे, पोचेलच आता. मावशींना ते सुचलं नाही असं नाही. मी त्यांच्याकडे बघून तसं खुणावलंही होतं. पण ज्या गोष्टीत चूक नाही ती लपवायची कशाला, असा त्यांचा खाक्या.

"धिस वन इज नॉट डे-केअर," त्या ग्रेसीकडे बोट करून ताठ मानेनं म्हणाल्या. "गव्हर्नमेंट अवर फिनिश. धिस वन इज गेस्ट. शी इज ईटिंग." आणि बाईंच्याही पुढे शिऱ्याची वाटी केली.

बाईंनी हसून नको म्हटलं. त्यांना काही घ्यायची परवानगी नसते. मग त्या अगदी सौम्यपणे म्हणाल्या की तुमच्या छपराखाली तुम्ही सांभाळत असलेलं प्रत्येक मूल मोजावंच लागतं, पाहुणं असलं तरी. आग लागली तर तुम्ही एकट्या किती मुलांना बाहेर काढाल, यासाठी तो आकडा आहे. पुन्हा असं आढळलं तर परवाना धोक्यात येईल. त्या गेल्यावर मावशींनी शिऱ्याची वाटी परत पातेल्यात उपडी केली. "खरं बोलली ती," एवढंच म्हणाल्या.

मला स्वस्थ बसवेना. कुठलीही अडचण आली की तिला बगल देणारा रस्ता शोधायचा, हा माझा धंदाच. मी ऑफिसात बोलून दुपारनंतर घरून काम करायची परवानगी मिळवली आणि ईशाला घरी आणायला लागलो. आकडा जुळला. ग्रेसीला हवं तितकं झोपता येत होतं. मी फारच खूश होतो. मावशींनी माझ्यासाठी डबाभर सांबारवडी, म्हणजे कोथिंबीर भरलेली नागपुरी वडी, पाठवली, त्यातली निम्मी मी गाडीतच संपवली.

आणि मग गोदामानं डॅनाला कामावरूनच काढलं.

आता काम नाही म्हटल्यावर तासही नाहीत. नवीन काम शोधायला काही आठवडे सवलत असते, तेवढ्यात मिळालं तर ठीक. डॅना रोज सकाळी ग्रेसीला सोडून निघायची आणि रोज तशीच परत यायची. नाताळ-नववर्षाचे सण संपले होते, गोदामं माणसं घेत नव्हती, काढत होती. एका ठिकाणी रात्रपाळी मिळत होती, पण रात्री मूल सांभाळणारं कुणी नव्हतं आणि मावशींचा परवाना दिवसाचा होता. सवलत संपली. मूल ठेवायला जागा नाही म्हणून काम धरता येत नाही, आणि काम नाही म्हणून मूल ठेवायला तास मिळत नाहीत. माझ्या सॉफ्टवेअरमध्ये असं चक्र सापडलं असतं तर मी ते संध्याकाळच्या आत मोडून टाकलं असतं. इथे मला ते मोडायला हात घालायची जागाच सापडेना.

मावशी तास मंजूर करणाऱ्या सरकारी ऑफिसला फोन लावायच्या. फोन स्पीकरवर टाकून, त्यातलं संगीत ऐकत कणीक मळत बसायच्या. एकदा माझ्यासमोर फोन लागला. पलीकडची मुलगी इतकी गोड बोलली, इतक्या वेळा सॉरी म्हणाली की मावशी तिलाच "थँक्यू बेटा" म्हणून फोन ठेवून बसल्या.

"नागपूरच्या हापिसात कोणी खेकसलं तर मलेही खेकसता येते रे," त्या म्हणाल्या. "हे सगळे चांगलेच बोलून राहिले. चांगल्या माणसाशी भांडू तरी कशी?"

त्यानंतरही त्या ग्रेसीला तशीच सांभाळत राहिल्या. ग्रेसीची जागा दुसऱ्या मुलाला दिली नाही. संदीपनं एकदा दबक्या आवाजात विषय काढला, तेव्हा त्याला म्हणाल्या, "तू जेवला ना? मग झालं." तसं वर्षानुवर्षं चाललं असतं तरी त्यांची ना नव्हती. पण पाळणाघर फुकट झालं तरी डॅनाच्या घराचं भाडं कोण फुकट करणार? फेब्रुवारीत ती सांगायला आली की ती केंटकीला बहिणीकडे चालली आहे. तिकडे सगळे अर्ज नव्यानं करावे लागणार होते. दुसऱ्या राज्यात इथलं काहीच चालत नाही, आणि तिथे म्हणे नंबर लागायला फार वेळ लागतो. मावशींनी विचारलं, "तवर हिले कोण पाहील?" मी त्याचं भाषांतर केलं. डॅनानं खांदे उडवले आणि तोंड फिरवलं.

निघायच्या दिवशी मी सामान उचलू लागायला गेलो होतो. डॅनाची जुनी गाडी काचांपर्यंत भरलेली होती. दुपारपासून बर्फाचा अंदाज होता, तिला लवकर निघायचं होतं. ती दारात आली तेव्हा मुलं नुकतीच जेवायला बसली होती.

"शी इज ईटिंग," मावशी म्हणाल्या. "सिट."

डॅना बूट काढून बसली. मीही बसलो. मावशींनी आम्हां दोघांना वाढलं, तूप घातलं, लिंबू पिळलं. ग्रेसी सावकाश जेवत होती. भात संपला तशी पातेल्याकडे हात करून म्हणाली, "अजून वरण." मावशींनी वाढलं. तिनं पुन्हा मागितलं, मावशींनी पुन्हा वाढलं. बाकीची मुलं उठून हात धुऊन आली. खिडकीबाहेर बर्फ भुरभुरायला लागलं होतं आणि डॅना एकदा त्याकडे, एकदा पोरीकडे बघत होती, पण तिनंही घाई केली नाही. तोवर तिलाही त्या घरची रीत कळली होती. मी इतकं हताश होऊन कधी जेवलो नव्हतो. त्या पातेल्यात आणखी दोन डाव वरण असावं एवढीच इच्छा माझ्या मनात उरली होती.

"अजून वरण," ग्रेसी म्हणाली.

मावशींनी पातेलं तिरपं केलं, डावानं तळ खरवडला आणि होतं तेवढं तिच्या ताटात घातलं. मग रिकामं पातेलं तिच्यासमोर धरलं. "पाह्य. संपलं ना, बाई."

ग्रेसीनं आत वाकून पाहिलं. तिची खात्री पटली. तिनं ताट चाटून पुसून साफ केलं, शिकवल्याप्रमाणे स्वतः उचलून सिंकपाशी नेऊन ठेवलं.

"उद्या जास्त कर," ती मावशींना म्हणाली, आणि बूट घालायला दाराशी जाऊन बसली.