ओढायच्या बाजूचा पाइप

लग्नाला दीड वर्ष झालं होतं आणि माझी बायको मला अजून हुशार समजत होती. हा गैरसमज वणीच्या पुढच्या चढावर एका गुरुवारी दुपारी कायमचा मिटला.

ऐंशीच्या दशकाची सुरुवात होती. मी सातपूरला एका कारखान्यात फिटर होतो, आणि जगात जे जे नट-बोल्टनं जोडलेलं आहे ते ते आपल्याला कळतं, असा माझा समज होता. माझ्याकडे एक जुनी डिझेल जीप होती. चढ दिसला की तिला धाप लागायची. अशात मुंबईच्या भंगार बाजारात मला एक टर्बो मिळाला. कुठल्याशा परदेशी यंत्रावरून उतरवलेला, दिसायला मोठ्या शंखासारखा. इंजिनाच्या धुरावर त्याच्या आतलं चक्र फिरतं आणि बाहेरची हवा ओढून इंजिनात कोंबतं. हवा जास्त, ताकद जास्त. ही विद्या मी ऐकणाऱ्याला आणि न ऐकणाऱ्यालाही सांगत असे.

टर्बो बसवायला दोन महिने लागले. सगळं जमलं, पण एअर फिल्टरपासून टर्बोपर्यंतच्या वाकणात बसेल असा पाइप काही मिळेना. तो सायखेड्याला मिळाला, सासऱ्यांच्या शेडमध्ये. आबांचा गोदावरीवर पंप होता. शेडमध्ये नव्या कोऱ्या पाइपाचं वेटोळं पडलेलं, आणि आपली खूण म्हणून आबांनी हातहातभर अंतरावर लाल ऑइलपेंटचे पट्टे मारलेले. मी हातभर तुकडा कापला आणि पिशवीत टाकला. सावकाश सांगू म्हटलं. पण पुढच्याच रविवारी आबांनी त्या कापलेल्या पाइपावरून बांधाशेजारच्या माणसावर संशय घेऊन त्याच्याशी बोलणं टाकलं, आणि मग सांगणं अवघड होऊन बसलं.

याच सुमारास बायकोला सुरगाण्याकडे शिक्षिकेची नेमणूक मिळाली. गुरुवारी कार्यालय बंद व्हायच्या आत हजर व्हायचं, नाहीतर यादीतलं पुढचं नाव. चार वर्षं ती या कागदाची वाट बघत होती. सोमवारीच एस.टी.नं निघणार होती, वळकटीसुद्धा बांधून झाली होती. मीच आडवा आलो.

"एस.टी.त कशाला हाल करून घेतेस? टर्बो बुधवारपर्यंत बसतोय. राणीसारखी नेतो."

"नक्की ना? माझी नोकरी आहे हो ही."

"माझ्यावर विश्वास नाही?"

तिचा होता, हेच दुर्दैव.

गुरुवारी अकराला निघालो. दिंडोरीपर्यंत सपाट रस्ता. टर्बोची बारीक शीळ ऐकू येत होती आणि मी दर दोन मैलांनी "ऐकलंस?" म्हणत होतो. मागे ट्रंक, वळकटी, स्टोव्ह. तिच्या मांडीवर प्लास्टिकच्या पिशवीत नेमणुकीचा कागद.

वणी सोडलं, चढ लागला. तिसऱ्या गिअरमध्ये पाय दाबला आणि कोणीतरी बटण बंद करावं तशी ताकद गेली. मागं काळ्या धुराचा लोट. पाय काढला की इंजिन पुन्हा ठीक, दाबला की पुन्हा मेलं. अशा कुंथत कुंथत दोन वळणं काढली आणि तिसऱ्यावर जीप थांबली. एका अंगाला दगडाची भिंत, दुसऱ्या अंगाला दरी. वळवायला जागा नाही, उलटं उतरवायची माझी छाती नाही.

उतरलो, बोनेट उघडलं. ती उतरायला लागली तसा मी ओरडलो, "तू बस, बस! ऊन आहे."

"आत काय सावली आहे? ताडपत्री तापलीये."

"दोन मिनिटं."

मी डिझेलचा फिल्टर उघडला, लाइनमधली हवा काढली, टाकीचं झाकण सैल केलं. जागेवर उभं करून रेस केली, तर इंजिन शहाण्या मुलासारखं गुरगुरलं. कुठं काही चूक नाही. शिडी लागली की लंगडायचं आणि वैद्य आला की नाचायचं, असला आजार. पुन्हा चढवली, पुन्हा शंभर पावलांवर मेली.

मागून एस.टी. आली. सुरगाण्याची पाटी. कंडक्टर दारातून वाकून म्हणाला, "येता का बाई? हे आज काय चढत नाय."

ती अर्धी उठली. मी म्हटलं, "झालंच. दोन मिनिटं."

तिनं माझ्याकडे पाहिलं, कागदाकडे पाहिलं, आणि बसली. एस.टी. वळणाआड गेली. तो आवाज विरेपर्यंत आम्ही दोघंही त्याच दिशेला बघत होतो.

"आता मागून दुसरी आहे?" तिनं विचारलं.

"असेल की."

नव्हती. अडीच वाजले होते आणि मला एक गोष्ट स्वच्छ कळली होती. दोष फक्त ओझ्याखाली दिसणार. म्हणजे चाकांना पुढूनमागून दगड लावायचे, ब्रेक धरून गिअरमध्ये इंजिन ताणायचं, आणि त्याच वेळी दुसऱ्या कोणीतरी उघड्या बोनेटमध्ये बघायचं. दुसरं कोणीतरी म्हणजे या घाटात एकच माणूस. आणि बोनेटमध्ये, अगदी वर, लाल पट्ट्याचा तुकडा.

मी आणखी अर्धा तास घालवला. खरंच घालवला. नोझल तपासल्याचं नाटक केलं, बॅटरीच्या तारा घासल्या. डिझेल इंजिनाची ताकद जायला बॅटरीच्या तारांचा काही संबंध नसतो, पण तिला ते माहीत नाही असा माझा अंदाज होता. वाटलं, गाडीच आपण होऊन सुधारेल. आत बसून ती मनगटावरचं घड्याळ फिरवत राहिली. ओरडली असती तर बरं झालं असतं.

शेवटी म्हटलं, "अगं, जरा इकडे ये. पुढं नको, बाजूला उभी राहा. मी ताण दिला की काय हलतंय ते सांग."

दगड लावले. हँडब्रेक ओढला, गिअर टाकला, क्लच अर्धा सोडून पाय दिला. इंजिन कण्हलं, धूर निघाला.

"थांबा!" ती म्हणाली. "पाइप चपटा झाला. पिळल्यासारखा. पाय काढा. आता बघा, फुगला परत."

बोनेटच्या फटीतून मला फक्त तिचा पदर दिसत होता.

"अहो, हा लाल पट्टा आबांचा आहे."

मी इंजिन बंद केलं.

"आणि हा डिलिव्हरीचा पाइप आहे," ती म्हणाली. "आत तार नाही. पाणी ढकलायच्या बाजूला चालतो, ओढायच्या बाजूला लावला की मिटतो. सायखेड्यात शेंबडं पोरगंही सांगेल. काळा धूर बघूनसुद्धा तुम्हाला हवा कमी पडतेय हे कळलं नाही? आमच्या पंपाच्या इंजिनाचा फिल्टर तुंबला की असाच धूर यायचा."

"मला सांगायचं नाही का मग?"

"तुम्ही उतरू दिलंत?"

पुढचा हुकूम तिचाच. पाइपाच्या आत काहीतरी ताठ हवं. मी म्हटलं, सीटमधली स्प्रिंग चालेल, त्याच जाडीची आहे.

"कोणाच्या सीटमधली काढू?" मी विचारलं.

"पाइप ज्यानं कापला त्याच्या."

स्प्रिंग बसवून क्लॅम्प आवळेपर्यंत साडेतीन झाले. आणि मग, काय सांगू, जीप चढावर अशी पळाली की मला आनंदानं ओरडावंसं वाटत होतं. पण माझं बूड सीटच्या भोकात अडकलेलं, गुडघे हनुवटीला, आणि बाजूला बसलेल्या माणसाची नजर घड्याळावर. "ऐकलंस?" म्हणायची हिंमत झाली नाही.

कार्यालयात पोचलो तेव्हा कारकून कपाटाला कुलूप लावत होता. त्यानं तिच्या घामेजल्या चेहऱ्याकडे बघितलं, कुलूप पुन्हा काढलं, हजेरीपुस्तक पुढं सरकवलं. तिनं सही केली. एवढ्या घाईतही अक्षर माझ्यापेक्षा चांगलं.

मला निरोप देताना एवढंच म्हणाली, "रविवारी सायखेड्याला जा. आबांना तुम्हीच सांगायचं. मी पत्र टाकणार नाही."

तीन दिवस मी नाशकात एकटा, आणि पळून जायला जागा नाही. रविवारी गेलो. आबा ओट्यावर बसले होते. सगळं सांगितलं, सीटच्या भोकासकट. त्यांनी पान जुळवायचं थांबवलं.

"पोरगी टायमात पोचली ना?"

"पोचली."

"मग चला."

"कुठं?"

"बांधावर. त्याला बी सांगा. दोन-तीन आठवडं त्या गड्याशी बोललो नाय मी. लय वाईट केलं."

शेजाऱ्याच्या खळ्यावर चारपाच जण बसले होते. मी पुन्हा पहिल्यापासून सांगितलं. घाम तर घाटातल्यापेक्षा जास्त. चोरीबद्दल कोणी चकार शब्द काढला नाही. शेजारी उठला आणि आबांसाठी स्वतःच्या बाजूला घोंगडी सारली. तेवढ्यात समेट झाला.

मग तो माझ्याकडे वळला आणि मनापासून, काळजीनं विचारता झाला, "पण जावईबापू, ओढायच्या बाजूला? डिलिव्हरीचा?"

"हो."

"कारखान्यात हाय ना तुम्ही?"