नव्या गादीवर मावशी

दवाखान्यात झाडूफरशी करणाऱ्या बाईला सगळे मावशी म्हणत, तिच्याहून म्हातारे पेशंटसुद्धा. छप्पर गळायला लागलं की खाटा कोरड्या कोपऱ्यात ओढायचं कामही तिचंच. मग सातासमुद्रापलीकडच्या एका चर्चने दुरुस्तीसाठी देणगी पाठवली आणि दवाखान्याचं नशीब उघडलं. डॉक्टरांनी गवंडीकामाला मावशीच्याच नवऱ्याला लावलं, तेव्हा तिला वाटलं, आपलंही उघडलं.

नवरा छपरावरून पडला. कमरेखालचं अंग हलेना. त्याला शहरात न्यायला हवं होतं, पण डॉक्टर आज-उद्या करत राहिले. नव्या खोलीतल्या पहिल्या खाटेवर त्याला ठेवलं. मावशी फरशी पुसता पुसता त्याची कूस बदलायची. आपणच बांधलं आणि आपणच पहिले गिऱ्हाईक, असं तो म्हणायचा आणि हसला की पाठीत कळ यायची.

मग चर्चचे पाहुणे बघायला येणार असं कळलं. डॉक्टरांनी मावशीला बोलावून घेतलं.

"इथे काम करताना माणूस पडला हे त्यांच्या कानावर गेलं तर पुढची देणगी विसरा. एक दिवस त्याला मागे ठेवू."

मागे म्हणजे सिमेंटच्या पोत्यांच्या खोलीत. मजुरांनी त्याला फळीवर घालून नेलं; जाता जाता त्याने आपल्या खाटेवर पाहुण्यांसाठी नवी गादी टाकताना पाहिली. मावशीने दार लोटलं. डॉक्टर म्हणाले, कडी लावा. तिने लावली.

पाहुण्यांच्या गाड्या दिसल्या तेव्हा कंपाउंडरच्या लक्षात आलं, खाट रिकामी आहे. त्याने मावशीकडे पाहिलं. बसलेले गाल, खोल गेलेले डोळे, आयता पेशंट. पांढरी चादर घालून तिला झोपवलं. पाद्रीबाबांच्या बायकोने तिचा हात हातात घेतला, डोळे पुसले. फोटो निघाले. मागून नवऱ्याची हाक आली, पाणी मागत होता. पाद्रीबाबांनी विचारलं तेव्हा डॉक्टर म्हणाले, मजूर आहेत, काम चालू आहे. मावशी तशीच पडून राहिली. किती दिवसांनी पाठ मऊ गादीला टेकली होती. तिचा डोळा लागला.

जाग आली तेव्हा गाड्या गेल्या होत्या. ती धावत मागे गेली. तो सिमेंटच्या धुळीत माखलेला होता. तांब्याभर पाणी संपवून त्याने एवढंच विचारलं, "गादी कशी आहे गं?"

"मऊ आहे," ती म्हणाली.

त्याला खाटेवर परत घेतलंच नाही. नवी खोली पेशंटसाठी आहे, असं डॉक्टरांचं म्हणणं पडलं. पाठीच्या जखमा चिघळल्या आणि तो त्या पोत्यांमध्येच गेला.

पुढे चर्चने जनरेटरसाठी पैसे पाठवले, सोबत मावशीचा मोठा फोटोही. ती स्टुलावर चढून तो भिंतीवर लावत असताना डॉक्टर खालून कौतुकाने बघत होते.

"मावशी, तुमच्या तोंडाकडे बघून आलाय हा जनरेटर. आता ॲम्ब्युलन्स मागायची आहे. झोपाल ना पुन्हा?"

मावशी खाली उतरली, पदराने स्टूल पुसलं आणि झोपेन म्हणाली.