मुंगसाचे दोन शहाणे दिवस

लग्न होऊन मी हेंद्रेपाड्यात आले, तेव्हा सासूबाईंच्या घरात माझ्याआधीच एक लाडोबा होता. तो म्हणजे मुंगूस. सासऱ्यांना शेतातल्या पेंढ्यात ते एवढंसं पिल्लू सापडलं होतं. आता ते घरभर हुंदडायचं, अंडी पळवायचं आणि माझ्या साडीच्या निऱ्या दातांत धरून ओढायचं. मी तसं वागले असते तर माहेरी रवानगी झाली असती.

सासूबाईंचा एक कायदा होता. पानातलं जो ढकलेल, त्याला ते पुन्हा वाढायचं नाही. मी एकदा कारल्याची भाजी बाजूला सारली आणि जन्माची सुटले. वैशाखात मुंगसाने पाण्याची ताटली सलग तीन वेळा पालथी घातली. कायदा त्यालाही लागू झाला. खायला खारट सुकट मात्र मिळत राहिली.

मग दोन दिवस ते कोपऱ्यात गप्प पडून राहिलं. पोर शहाणं झालं, म्हणून सासूबाईंना कोण कौतुक. मला ते पटेना. शहाणपणाचं सोंग त्या घरात मीही करत होते, पण माझे डोळे असे खोल गेले नव्हते.

मी त्याला टोपलीत घातलं आणि सासूबाईंना जवळजवळ ओढतच अंबरनाथला गुरांच्या डॉक्टरांकडे नेलं. त्यांनी मुंगसाच्या मानेची कातडी चिमटीत धरून सोडली. ती तशीच उभी राहिली. हिरड्या बोटाला चिकट लागल्या. शेवटचं पाणी कधी प्यायला, असं विचारल्यावर सासूबाईंनी त्यांना कायदा ऐकवला.

"आजी, त्याला तहान आहे. ताटली हलकी आहे," डॉक्टर म्हणाले. "उद्या आणला असता तर हाती लागला नसता."

त्यांनी कातडीखाली सलाईन दिलं, सुकट बंद केली आणि पाणी जड भांड्यात ठेवायला सांगितलं. घरी येताच सासूबाईंनी आलं कुटायचा दगडी खल घासून पाण्याने भरला आणि मुंगसापुढे बसून बोटाने थेंब थेंब चाटवत राहिल्या. मला भीती वाटत होती. मी सारखी कातडी ओढून बघत होते.

दुसऱ्या दिवशी दुपारी स्वयंपाकघरात धाडकन आवाज झाला. ताकाचं पातेलं लवंडलं होतं आणि मुंगूस लपालपा ताक चाटत होतं. सासूबाई ताकात उभ्या राहून रडत होत्या. मी फडकं घेऊन वाकले, तशी त्यांनी माझा हात धरला.

"थांब गं. पिऊ दे त्याला."