मोज्यातली ताई

माझी थोरली बहीण बस स्थानकावर घोषणा करायची. जन्मभर तेच केलं, त्यामुळे घरात साधं "जेवायला या" म्हणाली तरी शेजारचे दोघे-चौघे पिशव्या उचलून उभे राहतील असा तिचा आवाज. ती निवृत्त झाली तेव्हा आम्हीच धास्तावलो. नोकरी संपली, पण तोंडाचा पट्टा कसा संपणार?

सुटलो ते एका समुपदेशक मॅडममुळे. वाचनालयाच्या वरच्या मजल्यावर त्यांनी दर गुरुवारी दुपारी एक वर्ग सुरू केला होता. माती, रंग, गाणी, बाहुल्या असलं सगळं, पण शिकवायचं काहीच नाही. ज्याच्या मनावर ओझं आहे त्यानं यायचं, हातानं काहीतरी करायचं, जमलं तर बोलायचं. मॅडमना मदतीला माणूस हवं होतं. ताईनं हात वर केला आणि मला शिवता येतं म्हणून माझाही हात धरून वर केला. विचारलं वगैरे काही नाही.

वर्गाचा मुख्य नियम एकच. समोरचा बोलताना अडखळला तर थांबायचं, त्याचं वाक्य आपण पुरं करायचं नाही. हा नियम ताईनं मोठ्या अक्षरांत पुठ्ठ्यावर लिहिला, भिंतीवर लावला आणि दर गुरुवारी स्थानकाच्या आवाजात वाचून दाखवला. बेकरीवाल्या वहिनी नवरा गेल्यापासून झोपेला पारख्या झाल्या होत्या. त्यांना दोन शब्द जुळवायला वेळ लागे. ताई थांबे बिचारी, नाही असं नाही. पण तिचं ते थांबणं म्हणजे आलेली शिंक दाबून धरणं. पाहणाऱ्याच्याच डोळ्यांत पाणी यायचं.

आणि मग भाओजींना, म्हणजे ताईच्या नवऱ्याला, अर्धांगाचा झटका आला. भाओजींचं केस कापायचं दुकान. गप्पा अशा मारायचे की माणसं केस वाढायची वाटही न बघता येऊन बसायची. हात-पाय हळूहळू सावरले, पण जीभ काही वळेना. डॉक्टर म्हणाले, बोलायचा प्रयत्न करत राहिले तर येईल. प्रयत्न करणार कधी? त्यांनी तोंड उघडलं की ताईचं वाक्य तयार. "ह्यांना पंखा हवाय." "ह्यांना आता पडायचंय." एकदा तर त्यांनी नुसती जांभई दिली, तिचाही अर्थ हिनं पाहुण्यांना सांगितला. शेवटी भाओजींनी तोंड उघडणंच सोडून दिलं.

दुसऱ्याच्या दुकानात काम करणारा एक कारागीर त्यांचं दुकान मागायला आला. मी तिथंच बसले होते. पोरगा नम्र, भाओजींच्या पाया पडला आणि म्हणाला, "तुमची हरकत नसेल तर दुकान मी घेतो." भाओजींनी मान वर केली, ओठ हलले. आवाज बाहेर पडायच्या आत ताई म्हणाली, "चालेल म्हणताहेत. सोमवारी किल्ली घेऊन जा."

भाओजींनी तिच्याकडे नुसतं पाहिलं. मला ते बघवेना. पण मीही गप्प बसले, कारण ताईपुढे बोलायची आमच्या घरात कुणाची छाती नाही.

त्याच आठवड्यात ताईनं त्यांना वर्गाला आणलं. तिच्या लेखी दुकान गेल्यावर माणसाला काहीतरी उद्योग हवा. त्या गुरुवारी बाहुल्या होत्या. जुने मोजे, बटणं, लोकर, चिंध्या. मॅडम म्हणाल्या, "ज्या माणसाला काहीतरी सांगायचं राहून गेलंय, त्याची बाहुली करा. मग हातात घालून तिच्याशी बोला."

नाकावर जाड काळा चष्मा, डोक्यावर अंबाडा, कमरेला किल्ल्यांचा जुडगा अशी ताई सगळ्यांना सामान वाटत फिरत होती. अर्ध्या तासानं कौतुक करत फिरू लागली. बेकरीवाल्या वहिनींच्या मोज्याला जाड काळा चष्मा होता आणि डोक्यावर अंबाडा. "सासू का हो?" ताईनं विचारलं. वहिनी जमिनीकडे बघत म्हणाल्या, "सासूच समजा." शेजारी निवृत्त मुख्याध्यापक. त्यांच्या मोज्यालाही चष्मा, अंबाडा आणि कमरेला किल्ल्यांचा जुडगा. "तुमच्या शाळेतल्या बाई?" "साधारण तशाच," मुख्याध्यापक म्हणाले. मी माझा मोजा पटकन मांडीखाली घातला. त्याचा अंबाडा सगळ्यांत चांगला जमला होता.

मॅडमच्या लक्षात आलं होतं. त्या खोकल्याचं निमित्त करून खिडकीशी गेल्या.

भाओजींचा मोजा मात्र नुसतं तोंड होता. चष्मा तेवढा लावलेला, खाली लाल चिंधीचं हे एवढं तोंड. त्यांनी तो डाव्या हातात घातला आणि तोंड उघडमीट करायला लागले. फटाफट, फटाफट, श्वास न घेता. मधेच मोज्यानं मान वाकडी केली, चष्म्यावरून बघितलं आणि पुन्हा फटाफट. मुख्याध्यापकांना हसू आवरेना. वहिनी तर तोंडात पदर कोंबून हलत होत्या. कितीतरी महिन्यांनी बाई हसत होती.

ताई म्हणाली, "ह्यांना म्हणायचंय की..."

भाओजींनी उजवा हात उचलला, तोच दुबळा हात, आणि मोज्याचं तोंड मुठीत आवळलं.

"गप्प!" ते म्हणाले. "मी... मी सांगतो."

भाओजींच्या कपाळावर घाम आला. शब्द येईना. ताईचे ओठ हलायला लागले, मी तिचा हात गच्च धरला.

"दुकान," भाओजी म्हणाले. "देणार... नाही."

ताई रडायलाच लागली. "अहो, मग त्याच दिवशी का नाही सांगितलंत?"

"तू... सांगू... दिलंस?"

ताई खाली बसली आणि भिंतीवरचा आपलाच पुठ्ठा वाचत राहिली. मला तिचा राग यायला हवा होता. आला नाही. उलट वाटलं, इतके महिने दोघांचं बोलणं एकटीनं रेटताना ही किती घाबरलेली असेल.

सोमवारी कारागीर किल्ली न्यायला आला. भाओजी दारात खुर्चीवर, ताई मागे उभी. "काका, किल्ली?" पोरानं विचारलं आणि सवयीनं ताईकडे बघितलं.

"माझ्याकडे काय बघतोस?" ताई म्हणाली. "त्यांना विचार."

मग आम्ही थांबलो. पोरगा थांबला. समोरून भंगारवाला ओरडत पूर्ण रस्ता पार करून गेला. ताईनं पदराचं टोक दातांत धरलं होतं, पण तोंडातून ब्र काढला नाही.

"किल्ली... नाही," भाओजी म्हणाले. "तू... कामाला ये. केस... तू काप." त्यांनी दम घेतला. "गप्पा... मी मारतो."

पोरगा हो म्हणाला. ताईला काहीतरी म्हणायचं होतं, तोंडही उघडलं तिनं, पण त्या दिवशी तिला एक शब्द सापडला नाही, आणि आम्ही कुणी तो पुरवलाही नाही.