निरोप्यानं कुठल्या बाजूनं उतरावं

मोठी साम्राज्यं घोड्याच्या पाठीवर उभी राहतात आणि घोड्याच्या पाठीवरच लयाला जातात, असं इतिहासाची पुस्तकं गंभीर चेहऱ्यानं सांगतात. मला जवळून पाहायला मिळालेलं घोडेस्वारांचं एकमेव राष्ट्र काल्हेरच्या एका गोदामात, प्लास्टिकच्या खुर्चीवर उभं राहिलं. खुर्चीचा एक पाय आखूड होता. त्याखाली पुठ्ठ्याची घडी घातलेली असायची.

त्या खुर्चीवर माझा थोरला भाऊ बसायचा. गोदामात येणाऱ्या-जाणाऱ्या गाड्या तपासणं हे त्याचं काम. कुठून आली, किती खोकी, किती वाजता रिकामी झाली. देशाच्या चारी कोपऱ्यांतल्या गाड्या दिवसभर त्याच्यासमोरून जायच्या आणि तो स्वतः कुठेच जायचा नाही. सकाळी मोटारसायकलनं आमच्या कोन गावाहून काल्हेर, संध्याकाळी काल्हेरहून कोन. दोन गाड्यांच्या मधल्या वेळात बाकीचे मोबाईल बघत. दादा वहीत लिहायचा. वहीत एक गवताळ मुलूख होता. त्यात झाड नव्हतं, कुंपण नव्हतं आणि एकही गोदाम नव्हतं. काही हजार माणसं होती आणि त्यांच्या कितीतरी पट घोडे.

मी भिवंडीतल्या एका कॉलेजात ग्रंथपाल आहे. घोडेस्वार टोळ्यांवरची पुस्तकं मी वाचलेली, म्हणून या विषयातला मी अधिकारी माणूस आहे, असं जगात फक्त दादाला वाटायचं. रविवारी मी कोनला जायचो. तो ओटीवर बसून नवी पानं वाचून दाखवायचा आणि मी शंका काढायचो. ते माझं ठरलेलं काम होतं.

"या लोकांना नाव काय?" मी पहिल्याच रविवारी विचारलं होतं.

"नाव शेजारी ठेवतात," दादा म्हणाला. "यांना शेजारीच न्हायत."

"हिवाळ्यात घोडे खातात काय?"

"खुरानं बर्फ उकरतात. खाली गवत असतं."

"बर्फ तू कुठे पाहिलास?"

"मासळीच्या गाडीत."

आतून वैनीचा आवाज यायचा. "घोड्यावर तरी कवा बसलेत? लग्नात बसवलेले, तर देवळापर्यंत पण न्हाय टिकले. उतरून चालत आले मांडवात. माझी मावशी विचारत बसली, यातला नवरा कंचा म्हणून."

"घोडी दमलेली," दादा म्हणायचा. "सकाळपासून तिसरं लगीन होतं तिचं."

"माझं पहिलं होतं," वैनी म्हणायची.

हे संभाषण मी इतक्या वेळा ऐकलं आहे की त्यातले पॉझसुद्धा मला पाठ आहेत.

दादाचे लोक लढाईला निघण्याआधी घोडे बदलून घेत. कोणीही आपल्या घोड्यावर बसून लढायचं नाही. आपला घोडा मित्राला द्यायचा, मित्राचा आपण घ्यायचा. मी म्हटलं, हे युद्धशास्त्राच्या विरुद्ध आहे. सवयीचा घोडा सोडून परक्या घोड्यावर बसणारा स्वार पहिल्या वळणावरच पडेल. दादानं थोडा विचार केला. "पडेल," तो म्हणाला. "पण दुसऱ्याची वस्तू नेली तर परत आणून द्यायला लागते ना? म्हणून माणूस परत येतो."

ते लढायचेही पळून. शत्रू आला की तंबू गुंडाळायचे आणि तीन दिवस नुसतं पळत राहायचं. मागे येणाऱ्याला वाटतं आपण जिंकलो. चौथ्या दिवशी त्याच्याकडचं पाणी संपतं आणि तो घरी जातो. त्यालाच हे लोक विजय म्हणत. विजयानंतर ढोल नाही, झेंडा नाही, भाषण नाही. सरदारानं एक दिवस सगळ्यांच्या घोड्यांची लीद उचलायची, एवढाच सोहळा. आमच्या भागात पंचायतीच्या निवडणुकीनंतर जेसीबीतून फुलं उधळतात. मला दादाचे लोक आवडू लागले ते तिथून. त्याला मात्र मी ते कधी सांगितलं नाही. शंका काढत राहिलो.

आणि निरोप्याची रीत. लांबच्या लढाईची बातमी आणणारा स्वार छावणीत आला की त्यानं तोंड उघडायचं नाही. माणूस घोड्यावरून नेहमी डावीकडून उतरतो. बातमी चांगली असेल तर त्यानं तसंच उतरायचं. वाईट असेल तर उजवीकडून. लोकांनी ते पाहायचं आणि आपापल्या तंबूत जायचं.

"बोलला तर काय बिघडतं?" मी विचारलं.

"बोलायला लागला की माणूस सजवतो," दादा म्हणाला. "शूरपणे लढले, नाव काढलं, अमर झाले. तोवर ती बाय तिथं उभी. तिला फक्त येवढंच पायजे, आला का न्हाय आला."

गेल्या वर्षी दिवाळीनंतर दादाचं जेवण कमी झालं. आधी आम्ही ॲसिडिटी म्हटलं, मग बाहेरचं खाणं म्हटलं. कल्याणच्या डॉक्टरांनी दुर्बीण घालून पाहिलं, पोटातल्या गाठीचा तुकडा काढला आणि तपासायला पाठवला. लॅबच्या खिडकीपाशी दादाला उभं राहवेना, म्हणून त्याला बाकावर बसवून कागदपत्रांचं सगळं मी केलं. रिपोर्टला आठ दिवस लागणार होते.

त्या आठ दिवसांत वैनीनं मला स्वयंपाकघरात बोलावून सांगितलं, "काय पण येऊ दे. त्यांना सांगायचं न्हाय. औषधानं बरं होईल म्हणायचं."

मी हो म्हटलं. आमच्याकडे आजाऱ्याला आजार सांगत नाहीत. घरातले सगळे, शेजारी, औषधाच्या दुकानातला माणूस, सगळ्यांना माहीत असतं. एकट्या पेशंटपासून लपवायचं.

ओटीवर आलो तर दादा वही मिटून बसला होता. "रिपोर्ट तू आणणार ना?" त्यानं विचारलं.

"हो."

"मग बोलू नको. तू लय बोलतोस. नुसता उतर."

मी हसलो. तो हसला नाही.

रिपोर्ट आणायला मी शनिवारी सकाळी स्कूटरवर कल्याणला गेलो. कागद घेऊन डॉक्टरांना भेटलो. ते चांगले गृहस्थ होते. त्यांनी चष्मा काढून ठेवला, आणि डॉक्टर चष्मा काढून ठेवतात तेव्हा पुढचं ऐकायची खरं तर गरज नसते. काही महिने, ते म्हणाले. ऑपरेशनचा उपयोग नाही.

कल्याणहून कोन फार लांब नाही. खाडीचा पूल, मग रस्ता, मग आमच्या आळीचं वळण. तेवढ्या वेळात मी ठरवलं की मी खोटं बोलणार. म्हणजे बोलणार नाही, उतरणार. डावीकडून, रोजच्यासारखा, सावकाश स्टँड लावून. आयुष्यभर पुस्तकांच्या खरेपणाबद्दल वाद घातलेल्या माणसाला एवढं एक खोटं जमायला हरकत नव्हती. मी मनातल्या मनात दोनदा उतरूनही पाहिलं.

दादा ओटीवर बसला होता. अंगावर शाल होती, आणि हातात वही नव्हती.

पंचायतीनं त्या आठवड्यात आळीतलं गटार खणायला घेतलं होतं. घरासमोर, रस्त्याच्या कडेला, डाव्या हाताला कमरेएवढा चर. मातीचा ढीग पलीकडे. मी नेहमीच्या जागी स्कूटर थांबवली, डावा पाय टेकला, खाली पाहिलं, आणि पायाखालची माती सरकली. पँट नवी होती. मी पटकन गाडी सावरली आणि उतरलो.

उतरल्यावर लक्षात आलं की स्कूटर माझ्या डाव्या हाताला आहे. मी उजवीकडे उभा होतो.

परत चढून दुसऱ्या बाजूनं उतरावं, असं खरोखर माझ्या मनात आलं. दादा माझ्याकडे पाहत होता. मग त्यानं मान वळवली आणि आत हाक मारली, "अगो, हा आलाय. चहा ठेव."

मी ओटीवर येऊन म्हटलं, "काही विशेष नाही. औषधानं बरं होईल."

"हां," दादा म्हणाला.

"गटार खणलंय," मी म्हटलं.

"दिसतंय."

चहा आला. आम्ही तो बिस्किटांबरोबर प्यायलो. दादानं बिस्कीट बुडवलं, ते कपातच तुटलं, आणि त्यानं ते चमच्यानं काढून खाल्लं. पुढचे कित्येक महिने मी रोज एकच गोष्ट स्वतःशी चघळत राहिलो. वैनीला शब्द दिला होता, आणि एका पँटीपायी मी माझ्या भावाला त्याच्या मरणाची बातमी दिली. त्याच्याच रीतीनं, त्याच्या दारात.

पुढच्या रविवारी त्याची लिहायची बोटं थरथरत होती. "मी सांगतो, तू लिही," तो म्हणाला. त्यानं त्या लोकांना छावणी मोडायला लावली.

"का मोडतायत?" मी विचारलं.

"चारा संपला."

"मागच्याच पानावर गुडघाभर गवत आहे."

"ग्रंथपाल," दादा म्हणाला, "लिही."

मी लिहिलं. तंबू सुटले, लोकर गुंडाळली, पोरं घोड्यांवर बांधली. एक म्हातारा स्वार मात्र निघाला नाही. तो चुलीच्या राखेशी बसून राहिला. लोक त्याच्याजवळून जात होते आणि एकमेकांना सांगत होते, येतोय मागून. त्याची बायकोही म्हणत होती, येतोय मागून. पुढच्या मुक्कामाला तंबूंचं रिंगण लावलं तेव्हा त्याची जागा रिकामी ठेवली. त्याच्या पुढच्या मुक्कामाला रिंगण बंद केलं.

"त्यांना माहीत आहे की तो येणार नाही," मी म्हटलं.

"हाय ना."

"त्यालाही माहीत आहे."

"हां."

"मग सगळी टोळी मिळून खोटं बोलतेय. निरोप्यानं तोंड उघडायचं नाही, एवढे हे खऱ्याचे पक्के. आणि इथे?"

दादानं शाल सारखी केली. बोलायला त्याला वेळ लागत होता. "खोटं न्हाय ते," तो म्हणाला. "रीत हाय. निघताना कुणी रडत बसला तर घोडी बुजतात."

मी तेही लिहिलं. आत वैनी तांदूळ निवडत होती. सुपाचा आवाज मध्येच थांबला आणि परत सुरू झाला.

त्यानंतर आमच्या घरातही सगळ्यांनी ती रीत नीट पाळली. वैनी म्हणायची, आता पावसाळ्यात बरं वाटलं की वज्रेश्वरीला जाऊन येऊ, तिथून गणेशपुरीला, गरम पाण्याच्या कुंडावर अंघोळ करू. दादा म्हणायचा, एसटीनं नको, गाडी करू. मी म्हणायचो, मी सुट्टी टाकतो. तिघंही अगदी सहज बोलायचो. एकदा तर डबा काय न्यायचा यावर दोघांचं भांडण झालं. वैनी दशम्या म्हणाली, दादा म्हणाला भाकऱ्या. दोन दिवस अबोला होता.

आषाढात, दुपारी, दादा गेला. मी कॉलेजात होतो. फोन आला तेव्हा एक विद्यार्थी हरवलेल्या पुस्तकाबद्दल मला कारणं सांगत होता. मी त्याला जा म्हटलं.

तेराव्याच्या आधी आमच्या एका चुलत पुतण्यानं फ्लेक्स लावला. गावात फ्लेक्सशिवाय माणूस मेल्याचं कोणी धरत नाही. काकांना घोड्यांचा नाद होता, एवढं त्यानं छापणाऱ्याला सांगितलं. त्याच्याकडे घोड्यांचं एकच चित्र होतं, दुकानांतून भरभराटीसाठी लावतात ते, सूर्य आणि पाण्यातून धावणारे सात पांढरे घोडे. त्यांच्यावर दादा पासपोर्टच्या फोटोतल्यासारखा टेकला होता. शोकसभेत एका पुढाऱ्यानं त्याला इतिहाससंशोधक म्हटलं, दुसऱ्यानं त्यावर कडी करून इतिहासाचार्य. तिसऱ्यानं माईक घेतल्यावर वैनीनं माझ्याकडे पाहिलं. कोणीतरी लीद उचलायला हवी होती.

सगळे गेल्यावर वैनी दादाचा मोबाईल घेऊन माझ्यापाशी बसली. फ्लेक्सवरचा फोटो तिला पसंत नव्हता. भिंतीवर लावायला चांगला फोटो शोध म्हणाली. मी शोधू लागलो. गोदामाचे, गाड्यांचे, एका फाटलेल्या खोक्याचे फोटो होते. वैनी शेजारून पाहत होती.

"एक विचारू?" ती म्हणाली. "त्यांना कळलेलं का?"

मी तिला सगळं सांगितलं. डावी बाजू, उजवी बाजू, गटार, पँट. म्हटलं, वैनी, माझ्यामुळे कळलं त्याला. मी शब्द मोडला.

तिनं मोबाईलकडे बोट केलं. "ह्ये काय हाय?"

फोटोंच्या खाली आलेल्या फायली दिसत होत्या. लॅबचा रिपोर्ट होता. मी आणायला गेलो त्याच्या आदल्या दिवशी, शुक्रवारी दुपारी आलेला. एकच फाईल दोनदा डाउनलोड केलेली होती.

रिपोर्ट तयार झाला की लॅब तो फॉर्मवरच्या मोबाईल नंबरवर आपोआप पाठवते. फॉर्म मीच भरला होता, दादाचा नंबर घालून.