मालक कोण, हात कोणाचा

मधू गेल्याचा निरोप त्याच्या गावाहून, केडगावहून आला तेव्हा मी वर्गात भूमिती शिकवत होतो. तास पुरा करूनच निघालो. एवढा कोरडेपणा माझ्यात कुठून आला, हे महिना उलटला तरी मला सांगता येत नाही...

मधू माझा शाळासोबती. कांदा पिकवणाऱ्या घरातला, गणितात माझ्या कितीतरी पुढे. मुंबईच्या एका संशोधन संस्थेत त्याला कॉम्प्युटरवर काम मिळालं. सुट्टीत आला की तो मला समजावून सांगायचा. कॉम्प्युटरच्या तबकडीवर माहितीच्या शेकडो फायली असतात. एखादी किती मोठी, कोणाच्या मालकीची, तिच्यात शेवटचा बदल केव्हा झाला, एवढंच कळायला ती उघडून वाचत का बसायचं? ही माहिती फायलीबाहेर नोंदवायची आणि कोणत्याही प्रोग्रामला ती एका ठरावीक आज्ञेने विचारता यावी. ती आज्ञा मधू बेतत होता. उत्तरात काय यावं, कोणत्या क्रमाने यावं, यावर त्याने महिनेच्या महिने घालवले. शेवटचा हात कोणाचा लागला तेही उत्तरात हवं, असा त्याचा हट्ट होता. "मालक एक असतो, बदल दुसराच करतो," तो म्हणायचा. तबकडीवर जागा नाही म्हणून त्याच्या वरच्या साहेबांनी तो रकाना खोडला.

वर्षभराने संस्थेतली मोजमापांची एक मोठी फाईल पुसली गेली; तिची बाहेरची नोंद तेवढी उरली. दोन वर्षांचं काम गेलं. चौकशीत मधूचीच आज्ञा चालवली. फाईल मुळात त्याने तयार केलेली, म्हणून मालक मधू. बदल मंगळवारी दुपारी. त्या दुपारी तो तिथेच होता. मालक म्हणजे पुसणारा नव्हे, हे त्याने परोपरीने सांगितलं. समितीने ऐकून घेतलं आणि त्याला काढून टाकलं.

गावी आल्यावर त्याचे वडील तात्या त्याच्याशी बोलेनासे झाले. माझ्या शाळेत गणिताची जागा रिकामी होती. माझ्यासाठी शब्द टाक, म्हणाला. मी विचारलं, "खरं सांग, तूच पुसलीस ना?" तो चपला घालून निघून गेला. मी शब्द टाकला नाही. पुढे कावीळ झाली, ती त्याने अंगावर काढली.

तेराव्याला मुंबईहून एक सहकारी आला. फाईल साहेबांच्या हातून पुसली गेली, आपण शेजारीच उभे होतो, असं त्याने सांगितलं. मधूची आज्ञा आता सगळे वापरतात. खोडलेला रकानाही साहेबांनी मागाहून घातला, आणि त्या आज्ञेच्या पुस्तिकेवर नाव साहेबांचं आहे.

तात्यांनी विचारलं, "तवा का न्हाई बोललास?"

"नोकरी नवीन होती."

"जेवून जा," तात्या म्हणाले आणि गोठ्याकडे गेले.

हल्ली ते संध्याकाळी मधूच्या खोलीत बसतात. परवा मी गेलो तर त्यांनी त्याची वही पुढे केली. त्यांना वाचता येत नाही. पानोपानी आकडे आणि चौकटी होत्या. शेवटच्या पानावर माझ्या शाळेसाठी अर्जाचा कच्चा मसुदा. चांगल्या वर्तणुकीची खात्री देणारी व्यक्ती म्हणून खाली माझं नाव होतं. तारीख मी त्याला तो प्रश्न विचारला त्याच्या दुसऱ्या दिवसाची.

"काय लिवलंय, मास्तर?" तात्यांनी विचारलं.

"गणितं आहेत," मी म्हणालो.

त्यांनी वही धोतराच्या सोग्याने पुसली आणि फळीवर ठेवून दिली.