पाकिटावरचा तारा

१९८५च्या निवडणुकीत लांजा तालुक्यातल्या आमच्या वाडीवर पोस्टमनने घरोघरी खाकी पाकिटं टाकली. सोनूबाईच्या हातातही एक पडलं; बाकीच्यांनाही आलंय हे तिला ठाऊक नव्हतं. तिला वाचता येत नव्हतं, पण वरचा तारा तिने ओळखला. पोलिसांच्या बिल्ल्यावर असतो तसा.

सोनूबाई लांज्याच्या काजूच्या कारखान्यात बी फोडायला जायची. नवरा काशीराम मुंबईला गोदीत होता. मागे शेजारच्या जनीचा नवरा मुंबईत वारला, तेव्हा पोलीसच कागद घेऊन आला होता. त्यामुळे पाकीट बघून तिच्या मनात काशीरामचंच आलं. वाडीत कुणाला वाचायला दिलं तर इथेच रडारड सुरू होईल, म्हणून ती न फोडताच एसटीने लांज्याला गेली आणि थेट पोलीस ठाण्यात शिरली.

"तुमचा कागद हाय, तुमीच वाचा."

हवालदाराने पाकीट फोडलं, वाचलं. "बाई, हे मताचं पत्र आहे. घराच्या सुरक्षेसाठी अमक्याला मत द्या म्हणतंय."

सोनूबाई बाकावर बसली. पाणी मागितलं, प्यायली. मग तिने विचारलं, "तर मग ह्यो तारा कोनाचा?"

हवालदाराने पाकीट उलटसुलट केलं. "आमचा नाही. आमच्यासारखा आहे."

"असा काडलेला चालता काय?"

"ते वकिलाला विचारा." त्याने तिला बाजारातल्या मुकादम वकिलांकडे पाठवलं.

मुकादम आधी हसले, पण मग पुस्तकं काढून बसले. "राजमुद्रेसाठी कायदा आहे. पोलिसाचा बिल्ला लावून कुणी फसवलं तर तोही गुन्हा आहे. पण इथे बिल्ला माणसाच्या छातीवर नाही, पाकिटावर आहे. शिवाय हुबेहूबही नाही."

"पन मी भ्याले ती पाकिटालाच ना."

वकिलांनी निवडणूक अधिकाऱ्यांच्या नावे अर्ज लिहिला. सोनूबाईने अंगठा दिला.

दोन-तीन दिवसांत उमेदवाराचा माणूस कारखान्यावर आला. चांगला बोलणारा होता. "तुम्हाला घाबरवायचा हेतू नव्हता हो," म्हणाला.

सोनूबाईच्या मनात राग उरला नव्हता. तिला निराळंच कुतूहल होतं. "तारा घालायचा सुचला कसा?"

तो म्हणाला, "मताची पत्रं लोक न उघडता चुलीत घालतात. तारा बघून उघडतात."

"मी तर ताऱ्यामुळंच उघडला नाय," ती म्हणाली.

निवडणूक अधिकाऱ्यांकडून उमेदवाराला सूचना गेली असावी. त्यानंतरच्या पाकिटांवर ताऱ्यावर काळा शिक्का मारलेला होता. आमच्या बायका पाकीट उन्हाकडे धरून खालचा तारा दिसतो का ते बघत.

मुकादमांना मात्र या गोष्टीचा नाद लागला. निवडणूक झाल्यावर त्यांनी आमदारांना मसुदा पाठवला. मताच्या टपालावर पोलीस, अग्निशमन दल किंवा रुग्णवाहिकेची खूण छापू नये, तिच्यासारखी दिसणारीसुद्धा नाही, असा कायदा करावा. पाठवण्याआधी त्यांनी तो सोनूबाईला वाचून दाखवला. आमदारांकडून "विचार करू" एवढं उत्तर आलं. असा कायदा झाल्याचं आमच्या कानावर कधी आलं नाही. मत मागायला वाडीवर येणाऱ्या प्रत्येकाला सोनूबाई त्याबद्दल विचारायची.

काशीराम त्या वर्षी गणपतीला घरी आला. बाजारात त्याला सगळी हकीकत कळली. ओटीवर बसून त्याने विचारलं, "म्हंजे मी मेलो असा समजलीस तू?"

सोनूबाई तांदूळ निवडत होती. "समजायचा नव्हता," ती म्हणाली, "म्हनून तर फोडला नाय."